एकसष्टीच्या मच्छरदाण्या

माझी एकसष्टी करायची असं घरात ठरलं तेव्हा मी घरात नव्हतो. अकोल्याच्या कोर्टासमोर कडुनिंबाखाली माझं नोटरीचं टेबल आहे. दिवसभर लोकांच्या खऱ्याखोट्या प्रतिज्ञापत्रांवर शिक्के मारून संध्याकाळी घरी पोचलो, तर माझी बायको चारुशीला अमरावतीला माहेरी फोन लावून बसली होती. हॉल बुक झाला होता, जेवणात रोडगे ठरले होते आणि वांग्याच्या भाजीवर तर्री किती असावी यावर दोन्ही बाजूंचा युक्तिवाद चालू होता. ज्याची एकसष्टी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही.

मी एवढंच म्हणालो, "आहेर नको."

यामागे काही तत्त्व वगैरे नव्हतं. आमच्या दिवाणात शाली आणि टोप्या इतक्या साठल्या आहेत की त्याचं झाकण लावायला दोन माणसं बसावी लागतात. भिंतीवरच्या घड्याळांचं तर विचारू नका. प्रत्येक खोलीत वेगळी वेळ असते.

"नको म्हटलं तरी लोक आणतातच," चारुशीला म्हणाली. "त्यापेक्षा काय आणायचं ते सांगून टाका."

इथे आमची मुलगी श्रावणी मध्ये आली. ती हैदराबादला नोकरी करते आणि तिथूनच घर चालवते. दरवर्षी माझ्या वाढदिवसाला ती शर्ट पाठवायची. गेल्या वर्षी शर्टाऐवजी एका संस्थेचा ई-मेल आला होता, की तुमच्या नावाने आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी मच्छरदाण्या दिल्या आहेत. शर्ट निदान दुकानात जाऊन बदलून घेता येतो. आता तिचं म्हणणं पडलं, "बाबा, सगळ्यांनाच सांगा ना, आहेराऐवजी मच्छरदाण्यांसाठी द्या म्हणून."

मच्छरदाणी ही माझ्या मते बाळंतिणीच्या खोलीत असायची वस्तू. तिच्यावर आयुष्यात आपण एवढा विचार करू असं मला कधी वाटलं नव्हतं. पण वकिलाला एक खोड असते. कोणी काही सांगितलं की तो विचारतो, पुरावा काय? श्रावणीने मला वाचायला बरंच पाठवलं आणि मी अशिलं नसतील तेव्हा टेबलावर ते वाचू लागलो. मलेरियाने जगात दरवर्षी लाखो माणसं मरतात, त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांच्या आतली मुलं असतात, आणि औषध लावलेल्या मच्छरदाणीत झोपवली तर त्यांतली कितीतरी वाचतात. हे संशोधकांना कळलं कसं, हा माझा प्रश्न. तर त्यांनी चिठ्ठ्या टाकून काही गावांना मच्छरदाण्या आधी दिल्या, काही गावांना नंतर, आणि मधल्या काळात दोन्हीकडची मुलं मोजली. बस, एवढंच. 'समक्ष पाहिलं' असं शपथेवर सांगणारे साक्षीदार मी जन्मभर पाहिले, पण इतका सरळ पुरावा आमच्या कोर्टात दाखल झालेला मला आठवत नाही. समोर एक माणूस भाडेपट्टा घेऊन उभा होता, त्याला मी हेच सांगत बसलो. तो शेजारच्या टेबलावर गेला.

आमच्या शेजारी बंडूभाऊ राहतात. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तरी आवाज अजून बसस्थानकातलाच आहे. त्यांना मी हे सांगितलं.

"मच्छर चावल्यानं लेकरू मरते म्हणता?"

"हो."

"मंग मी कावून नाई मेलो? मले तं लहानपणापासून चावून राहिले."

"जे गेले ते हे विचारायला येत नाहीत, बंडूभाऊ."

 गप्प राहणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. "अन् आफ्रिकेलेच कावून? आपल्या धारणीकडं डोंगरातले लेकरं मरत नाईत का?"

"तिकडेही द्या की. मी कुठे अडवलंय?"

"मी काहाले देऊ? एकसष्टी तुमची हाय."

पत्रिकेचा मजकूर मी स्वतः तयार केला. महत्त्वाचं वाक्य असं होतं: 'कृपया आहेर आणू नये. त्याऐवजी जगातील बालमृत्यू रोखण्यास मच्छरदाणीच्या रूपाने हातभार लावावा.' मला ते निर्दोष वाटलं. आज वाटतं, त्या वाक्यात दोन सुरुंग होते. एक मी पेरलेला होता आणि दुसरा शेखरने पेरला.

शेखर हा चारुशीलाचा मावसभाऊ. अमरावतीला त्याचा छापखाना आहे, आणि घरचा छापखाना असताना बाहेर पत्रिका छापणं म्हणजे सासुरवाडीशी उघड वैर. माझं नाव नेहमीसारखंच 'अॅड. यू. जे. गावंडे' असं घालायला सांगितलं. जे म्हणजे जानराव, माझे वडील. यू म्हणजे काय, हे बार रूममध्ये फारसं कोणाला ठाऊक नाही. उदय असावं असा एक समज आहे. तो मी पसरवलेला नाही. खोडूनही काढलेला नाही.

पत्रिका आल्या. बंडूभाऊंनी उत्साहाच्या भरात गठ्ठाभर त्याच दुपारी वाटूनही टाकल्या. संध्याकाळी चहा घेता घेता मी एक उघडली. त्यात छापलं होतं, 'जगातील बालमृत्यूस मच्छरदाणीच्या रूपाने हातभार लावावा.'

मी शेखरला फोन केला. "शेखर, हे काय छापलंस?"

"कावून भाऊजी, कागद पातळ वाटते का?"

"अरे, बालमृत्यूला हातभार लावा असं छापलंय तू."

"हां, ते होय. ओळ बसत नव्हती ना भाऊजी. खाली मोर आला. मी फक्त 'रोखण्या' काढलं, बाकी सगळं तुमचंच हाय."

"अर्थ उलटा झाला त्याचा."

"अर्थ कोण वाचते, भाऊजी? लोकं तारीख पाहते अन् जेवण कुठं ते पाहते."

शेखरचा हा सिद्धान्त दुसऱ्याच दिवशी खोटा ठरला. आमच्या कॉलनीतले महादेवराव, निवृत्त मुख्याध्यापक, पांढरे कपडे घालून आले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले. चारुशीलाने चहा आणला तर त्यांनी हात जोडून नको म्हटलं. खाली पाहत ते म्हणाले, "पत्रिकेत वाचलं. फार वाईट झालं. कितव्या महिन्यात होतं?"

"काय कितव्या महिन्यात?"

"श्रावणीचं बाळ."

मी त्यांना सांगितलं की श्रावणीचं अजून लग्नही झालेलं नाही. त्यावर त्यांचा चेहरा आणखी गंभीर झाला, आणि माझ्या लक्षात आलं की आपण प्रकरण सुधारण्याऐवजी त्याला नवं कलम लावलं आहे. त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगण्यात चहा गार झाला. मग दुसरा करावा लागला आणि तो मात्र त्यांनी घेतला. जाताना दारात म्हणाले, "मुख्याध्यापक असताना हे वाक्य माझ्याकडे आलं असतं तर मी विद्यार्थ्याला उभं केलं असतं."

उरलेल्या पत्रिकांसाठी मी 'रोखण्यास' असा रबरी शिक्का करून घेतला. दुरुस्ती म्हटली की शेजारी सही हवी, ही सवय हाताला लागलेली. प्रत्येक पत्रिकेवर शिक्का, बाजूला सही. पत्रिका एकसष्टीची न वाटता समन्स वाटायला लागली. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप गटावर शुद्धिपत्रक टाकलं. त्याचा परिणाम असा झाला की ज्यांनी पत्रिका वाचलीच नव्हती त्यांनीही कपाटातून काढून ती वाचली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलच्या दाराशी उभं राहून मी पाहुण्यांचं स्वागत करू लागलो आणि मी पेरलेला सुरुंग फुटला. वऱ्हाडातला माणूस रिकाम्या हाताने जेवायला येत नाही. तुम्ही त्याला आहेर आणू नको म्हणा, तो दुखावतो. पण आम्ही तर पत्रिकेत चक्क वस्तूचं नावच छापलं होतं. जो तो काखेत मच्छरदाणी घेऊन येत होता.

सिंगल आल्या, डबल आल्या. गुलाबी झालरीच्या आल्या. तंबूसारख्या उघडणाऱ्या आल्या; त्यांतली एक टेबलावर ठेवताच आपोआप उघडली आणि तिने शेजारच्या बाईंना आत घेतलं. तान्ह्या बाळावर छत्रीसारखी ठेवायची ती आली. माझ्या एका अशिलाने खिडकीला लावायची जाळी मीटरवर कापून आणली. बाळापूरजवळ आमचं गाव आहे, तिथे माझी थोरली बहीण लीलाबाई राहते. तिच्या मुलाने गोठ्याला लावायची जाळी आणली, तीत आठदहा म्हशी आरामात झोपल्या असत्या. "मामा, जाड हाय. फाटणार नाई," तो म्हणाला.

माइक बंडूभाऊंच्या हातात होता. तो त्यांनी मागितला नव्हता. पण माइक दिसला की तो त्यांच्या हातात असतो. आहेर पुकारावा तशा ते मच्छरदाण्या पुकारू लागले. "महादेवरावांच्याकडून सिंगल मच्छरदाणी. अमरावतीचे शेखरभाऊ यांच्याकडून डबलबेड, झालरीसकट." प्रत्येक घोषणेनंतर मंडळी मान वळवून पाहत. पुढच्या रांगेत आमच्या बार असोसिएशनचे अध्यक्ष बसले होते. ते माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते, तशी नजर ते आजवर फक्त उलटलेल्या साक्षीदारावर टाकत आले आहेत.

मग मी भाषणाला उभा राहिलो. चिठ्ठ्या टाकून निवडलेली गावं, त्यांची तुलना, औषध लावलेली जाळी, सगळं मी पाठ करून ठेवलं होतं. पण माइकने शिट्टी दिली आणि त्याच सुमारास आचाऱ्याने भाजीचं झाकण काढलं. दुसऱ्या वाक्यालाच मागच्या रांगा उठायच्या बेतात होत्या. मी आवाज चढवला. मागून कोणीतरी मोठ्याने विचारलं, "पण वकीलसाहेब, कोणतं पोरगं वाचलं ते आपल्याले दाखवतात का?"

प्रश्न चांगला होता. मीही श्रावणीला तोच विचारला होता. जे मूल आजारीच पडलं नाही ते ओळखायचं कसं? त्याच्या आईलाही कधी कळणार नाही. हे मी समजावून सांगायला लागलो, तेवढ्यात लीलाबाई खुर्चीतून उठली. सत्तरी ओलांडलेली माझी बहीण, मोतीबिंदूने एक डोळा अंधुक झालेला. बंडूभाऊंच्या हातून तिने माइक घेतला. एसटीच्या आंदोलनालाही ते जमलं नव्हतं.

"दाखवतो ना मी," ती म्हणाली. "हे पाहा, हे उभं हाय पोरगं. उकंडा."

 पुढच्या रांगेत अध्यक्षांनी शेजाऱ्याच्या कानाशी काहीतरी विचारलं.

"याचं नाव उकंडा," लीलाबाई सांगत होती. "उकंडा म्हंजे उकिरडा. याच्या अगोदर आमच्या मायचे तीन लेकरं गेले. तापानं गेले. कोणता ताप, कोणाले माईत? हे झालं तं मायनं याले घरामागच्या उकंड्यावर नेऊन ठेवलं. देवाले वाटाव, टाकून देल्लं हाय, कोणाचं नाई. मी उभी होती बाजूनं, कुत्र्या-कावळ्यांले हाकलत. मंग आत्यानं उचलून आणलं अन् मायनं सूपभर ज्वारी देऊन तिच्यापासून इकत घेतलं."

 वाढपी पातेली घेऊन उभे राहिले होते.

"मंग माय गावात हिंडली. घरोघर जाऊन म्हणे, लेकरासाठी एक चिंधी द्या. तशा रितीनं मागाव लागे. कोणी लुगड्याची देल्ली, कोणी धोतराची. मुसलमानाच्या घरची होती, महारवाड्यातली होती, पाटलाच्या घरची होती. त्या सगळ्या चिंध्यांची कुंची शिवली याच्या डोक्याले. त्यानं जगला का कशानं जगला, मले माईत नाई. डॉक्टर नवता, दवाई नवती. जे होतं ते केलं. पण चिंधी देतानी कोणी इचारलं नाई का कोणतं पोरगं वाचते ते दाखव."

तिने माइक माझ्या हातात दिला आणि जाऊन बसली.  आईने मला विकत घेतलं हे मला ठाऊक होतं. घरोघर चिंध्या मागितल्या हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. साठ वर्षांचा माणूस इतक्या लोकांसमोर उभं राहून डोक्याला हात लावून पाहतो, हे काही शोभत नाही. पण माझा हात गेला खरा.

"वाढा आता," बंडूभाऊ म्हणाले, आणि पंगत बसली.

जेवणं उत्तम झाली. पुढे आठवडाभर आमच्या बैठकीत बसायला जागा नव्हती. सोफ्यावर मच्छरदाण्या, टीव्हीवर मच्छरदाण्या, गोठ्याची जाळी जिन्यात. एक दिवस तिच्यात पाय अडकून वर्तमानपत्र टाकणारा पडला आणि त्याने दोन दिवस आम्हाला पेपर टाकला नाही. एकसष्टीला रजा न मिळालेल्या श्रावणीने फोनवर शांतपणे सांगितलं, "बाबा, ती संस्था वस्तू घेत नाही. आणि या साध्या आहेत, त्यांना औषध लावलेल्या लागतात. मी पैशांबद्दल बोलत होते."

"मग 'मच्छरदाणीच्या रूपाने' असं कशाला म्हणालीस?"

"ते तुम्ही लिहिलंत."

हे खरं होतं, म्हणून मी विषय बदलला.

तरीही पोस्टात चौकशी केली. परदेशी पार्सलचा खर्च ऐकून मी खिडकीवरून बाजूला झालो. धारणीकडे देता येतील म्हणून एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी कौतुक केलं आणि म्हणाले, आमच्याकडे दान स्वीकारायला लेखाशीर्ष नाही, धारणी अमरावती जिल्ह्यात येते, तिथे विचारा. अमरावतीला गेलो. तिथले साहेब म्हणाले, देणारा अकोल्याचा आहे, अर्ज अकोल्यातूनच यायला हवा. येताना बडनेऱ्याला गाडीची वाट पाहत मी हातातली नमुन्याची मच्छरदाणी बाकावर ठेवून बसलो होतो. एका बाईने ती केवढ्याला दिली असं विचारलं. मी वकील आहे, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, मंग केवढ्याले?"

एव्हाना कोर्टात माझं नाव बदललं होतं. उदय तर केव्हाच गेला होता. लोक 'उकंडराव' म्हणतील अशी मला धास्ती होती. पण पट्टेवाल्यापासून अध्यक्षांपर्यंत सगळे 'मच्छरदाणीवाले साहेब' म्हणू लागले. एका गृहस्थांनी प्रतिज्ञापत्र करून घेतल्यावर मला हळूच विचारलं, "साइड बिझनेस चांगला हाय का?"

शेवटी बंडूभाऊंचाच सल्ला घ्यावा लागला. म्हणजे तो मिळालाच. "लिलाव करा," ते म्हणाले. "मी पुकारतो."

रविवारी सकाळी आमच्या व्हरांड्यात दोरी बांधून मच्छरदाण्या टांगल्या. चारुशीलाने प्रत्येकीवर कोणी दिली त्याच्या नावाची चिठ्ठी लावली होती. आभाराचे फोन करायचे म्हणून. त्या काढायला ती विसरली, आणि त्या विसरण्यानेच सगळं तरलं. बंडूभाऊंनी पहिली काढली, "महादेवरावांची सिंगल." बोली फारच कमी लागली. महादेवराव समोरच उभे होते. आपली मच्छरदाणी आपल्या डोळ्यांदेखत कवडीमोलाने जाते आहे हे पाहून त्यांचा चेहरा लाल झाला, आणि त्यांनी स्वतःच दुप्पट बोली लावून ती सोडवून घेतली.

मग ज्याची त्याची अब्रू दोरीवर आली. शेखर अमरावतीहून सहज म्हणून आला होता. त्याची डबलबेड झालरीसकट महादेवरावांच्या सिंगलपेक्षा स्वस्तात चालली आहे म्हटल्यावर तो पुढे झाला. "भाऊजी, कापड पाहा ना तिचं," तो मला म्हणाला.

"शेखर, बोली लाव. कापड कोण पाहते?" मी म्हणालो. एवढं समाधान मी घेतलं.

दुपारपर्यंत बहुतेकांनी आपापल्या मच्छरदाण्या चढ्या भावाने परत नेल्या होत्या. ज्यांनी एकसष्टीला काहीच आणलं नव्हतं ते चिठ्ठीवर नाव नाही म्हणून अस्वस्थ झाले आणि त्यांनी दुसऱ्यांच्या घेतल्या. खिडकीची जाळी बार असोसिएशनच्या अध्यक्षांनी निरोप पाठवून घेतली. गोठ्याच्या जाळीला गिऱ्हाईक नव्हतं. माझ्या भाच्याने बराच वेळ वाट पाहिली, मग तीच जाळी त्याने विकत घेतली आणि गाडीवर बांधून पुन्हा गावी नेली. "पायजेच होती," तो म्हणाला. "आमच्या म्हशींले लई चावतात."

आता फक्त पैसे पाठवायचे राहिले, असं मला वाटलं. बँकेत काउंटरवरच्या बाईंनी परदेशी पैसे पाठवायचा अर्ज माझ्याकडून भरून घेतला आणि एका रकान्यावर पेन टेकवलं. "लाभार्थ्यांशी तुमचं नातं?"

"काही नाही."

"मग पाठवता कशाला?"

मी त्यांना चिठ्ठ्या टाकून निवडलेली गावं सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मागची रांगही ऐकत होती. मग त्या म्हणाल्या, "ते सगळं खरं आहे हो. पण इथं आई, वडील, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण एवढंच येतं. 'इतर' टाकलं तर प्रतिज्ञापत्र लागेल, नातं नाही म्हणून."

नोटरीला स्वतःचं प्रतिज्ञापत्र स्वतः करता येत नाही. तेव्हा मला शेजारच्या टेबलावर जावं लागलं. भाडेपट्ट्यापासून माझी कितीतरी अशिलं जिथे गेली तेच हे टेबल. त्यांनी मला उभं ठेवलं, सावकाश चष्मा पुसला आणि विचारलं, "ओळखीचा पुरावा आणला का?" आम्ही एकाच झाडाखाली बसतो. मी पुरावा दाखवला. 'सदर मुलांशी माझे कोणतेही नाते नाही' असं शपथेवर लिहून दिलं आणि पूर्ण फी भरली.

लीलाबाई तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडेच होती. घरी येऊन मी तिला हे सांगितलं, तेव्हा ती हिरवी पट्टी सांभाळत म्हणाली, "असं लेहून देल्लं?"

"बँकेला लागतं, बाई."

"लेकरांबद्दल असं कागदावर लेहू नाई, उकंड्या," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. 

पैसे पोचले. दिवाळीला श्रावणी घरी आली तेव्हा संस्थेकडून निरोप आला होता, की या खेपेच्या मच्छरदाण्या आफ्रिकेतल्या एका जिल्ह्यात वाटल्या आहेत. जिल्ह्याचं नाव मी तीन प्रकारे म्हणून पाहिलं, तिन्ही चुकले. फराळाला बंडूभाऊ आणि महादेवराव आले होते, आणि लीलाबाईही दिवाळीसाठी आमच्याकडे होती. श्रावणीने लॅपटॉपवर नकाशा उघडला आणि त्या भागातलं एक गाव आकाशातून खाली खाली उतरत जवळ आणलं. आम्ही सगळे चिवड्याच्या बशा हातात घेऊन मागे उभे राहिलो.

"काळी जमीन नाई दिसत," बंडूभाऊ म्हणाले. "लाल हाय. कापूस होत नसंल."

"होतो काका, त्या देशात कापूस होतो."

"मंग बोंडअळीही असंलच," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच त्या लोकांबद्दल काळजी आली.

महादेवरावांनी एका लांबट इमारतीवर बोट ठेवलं. "ही शाळा असावी. समोर मैदान आहे. पण झाडं लावलेली नाहीत." मुख्याध्यापकाला झाडं लावायला हवी होती, असं त्यांचं मत पडलं.

"आपली कोणत्या घरात असंल?" बंडूभाऊंनी विचारलं. 'आपली' म्हणजे मच्छरदाणी.

"तसं नाही कळत, काका. कदाचित या गावात नसेलही, शेजारच्या असेल."

ते कळलं नाही तरी बंडूभाऊ बघत राहिले. पत्र्याची छपरं, वाळत घातलेले कपडे, एका अंगणात काहीतरी ठिपक्यासारखं. त्यांच्या मते ती बकरी होती. महादेवरावांच्या मते बादली. मग बंडूभाऊ एकदम पुढे वाकले. "हे पाहा. या निळ्या पत्र्यामागं पाणी साचलं हाय. हे डबकं बुजवलं पायजे. नाई तं मच्छरदाण्या देऊन काय उपयोग? कळवा त्यांले, वकीलसाहेब."

"फोटो जुना असतो काका," श्रावणी म्हणाली. "ते पाणी आता नसेलही."

"मंग इचारा, हाय का नाई."

मी घर बांधलं तेव्हापासून आमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर पाणी साचतं आणि त्याबद्दल आजवर कोणी कोणाला कळवलेलं नाही, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण तोवर महादेवरावही म्हणाले की गटार उताराच्या उलट्या बाजूने काढलेलं दिसतं, आणि चारुशीलाचं म्हणणं पडलं की डबक्यात गप्पी मासे सोडा म्हणावं. तेव्हा मी लॅपटॉप पुढे ओढला आणि लिहायला घेतलं, 'महोदय, निळ्या पत्र्याच्या घरामागे पाणी साचत असून...'

"निळ्या नाई, त्याच्या बाजूच्या," बंडूभाऊ म्हणाले.

"निळ्याच्याच," लीलाबाई म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नव्हतं. ऑपरेशन झालेला डोळा पडद्याच्या अगदी जवळ नेऊन तिने ते गाव इकडून तिकडे नीट पाहून घेतलं. "अन् हेही लेह्य. मच्छरदाणी गादीखाली चांगली खोसा म्हणा, चारी बाजूनं. लेकरू झोपेत पाय मारते."

मी तेही लिहिलं.